आबांचा उजवा गाल

दगड आधी धोतराच्या सोग्याला पुसायचा. मग डोळे मिटून तो उजव्या गालावरून कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश सरकवायचा. आणि खाली ठेवत म्हणायचं, “हाऊ नही.”

म्हणजे हा नाही. चोपड्याच्या बसस्टँडमागे दाढी-कटिंगचं दुकान चालवणारे आबा मला आठवतात ते असेच, काहीतरी नाकारताना. वस्तऱ्याला धार लावायचा दगड डोळ्यांनी निवडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. डोळ्याला सगळे दगड गुळगुळीतच दिसतात आणि बोटं काम करून निबर झालेली असतात. ताजी दाढी केलेल्या गालाला मात्र दगडातला कणन् कण कळतो. डाव्या गालाने का बघत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “डावा गाल अडाणी शे. त्याले काय समजस?”

ही नकार द्यायची सवय दगडापुरती राहिली नव्हती. बाजारात खरबूज गालाला लावून ते परत ठेवायचे, भाचीसाठी आलेली स्थळं चहा पिऊन परत पाठवायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं म्हणजे शिक्षा, पण त्यांनी एकदा हो म्हटलं की आपण डोळे मिटून पैसे द्यावेत.

आबांच्या मुलाने दुकानात अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आणले, आरसे आणि फिरत्या खुर्च्या आल्या. आबांचा जुना वस्तरा मग फक्त एका गिऱ्हाइकासाठी उरला, ते म्हणजे माझे वडील. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. हृदयाच्या ऑपरेशननंतर त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. साधं खरचटलं तरी रक्त थांबता थांबत नसे. डॉक्टरांनी दाढीसाठी मशीन वापरायला सांगितलं. मी जळगावला नोकरीला, तिथून चांगलं मशीन आणून दिलं. वडिलांनी ते खोक्यासकट कपाटात ठेवलं आणि दर रविवारी आबांची वाट बघत ओट्यावर बसू लागले. आबांच्या हातून त्यांना कधी ओरखडासुद्धा आला नव्हता, त्यामुळे मीही गप्प बसलो.

मग दगडाचा घोटाळा झाला. शेजारच्या मळ्यात केळीची कापणी चालू होती आणि मजुरांना विळ्यांना धार लावायला दगड हवा होता. आबांच्या मुलाने दुकानातला दगड उचलून दिला. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही, आपल्याकडे दगड म्हणजे दगडच असतो. आठवड्याने तो परत आला तेव्हा मधोमध खोलगट झाला होता. वस्तऱ्याला सपाट दगड लागतो, खोलगट दगडावर त्याची धार बसत नाही. आबा मुलाला एक शब्द बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवलेही नाहीत.

मी जळगावच्या बाजारातल्या एका दुकानदाराकडून चार दगड घेतले, न आवडलेले परत द्यायच्या बोलीवर. रविवारी ओट्यावर गोणपाट पसरून ते मांडले. पुढचा अर्धा तास “हाऊ नही” ऐकायची तयारी ठेवून मी चहा घेऊन बसलो.

आबांनी पहिला दगड उचलला, गालावरून सरकवला आणि लगेच म्हणाले, “हाऊच.”

मी चहाचा कप खाली ठेवला. पहिल्याच दगडाला हो? वडिलांनीही मान वर केली. त्या पावसाळ्यात आबांच्या तोंडावरून वारं गेलं होतं. ओठ महिनाभर वाकडा होता, मग सरळ झाला, आणि ते बरे झाले असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

आबांनी दगडावर पाणी टाकून वस्तरा घासला, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला. वडिलांच्या चेहऱ्याला साबण लावला. उजवीकडची दाढी सुरू झाली आणि मला आवाज वेगळा वाटला. एरवी तो येतच नसे, आज खरखर ऐकू येत होती. वडिलांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पातं कानाखाली होतं, तिथून गळ्याकडे वळणार होतं. मला ओरडायचं होतं, पण ओरडलो आणि आबांचा हात हलला तर काय, या भीतीने मी नुसता उभा राहिलो.

आबा स्वतःच थांबले. पांढऱ्या साबणात लाल ठिपका उमटला होता आणि तो पसरत होता.

मी धावत कापूस आणि तुरटी आणली. पहिला बोळा लाल झाला, दुसराही झाला. गाडी काढतो म्हणून मी किल्ली शोधू लागलो. वडील कापूस दाबून शांत बसून होते. आबा वस्तरा मिटून जमिनीवरच बसले होते.

“मना गाल मरी गया, नाना,” ते म्हणाले. “कायबी समजस नही.”

इतके महिने त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. माझा जीव गलबलला आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

वडिलांनी कापूस उचलून पाहिला. रक्त थांबत आलं होतं. उजवीकडे कानाजवळ दाढी झालेली चार बोटं जागा होती. गोणपाटावरचा दुसरा दगड उचलून त्यांनी तो तिथे टेकवला, डोळे मिटले, हलकेच सरकवला.

“हाऊ नही,” वडील म्हणाले.

आबांना वाटलं, नाना चेष्टा करताहेत. त्यांनी मान फिरवली. वडिलांनी तिसरा दगड घेतला. “हाऊ नही.” चौथा दगड सरकवताना मात्र ते काही बोललेच नाहीत. आबा उठून जवळ आले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागले, दगडाकडे नाही.

“हाऊ?”

“हाऊ.”

मी मध्ये पडलो. उरलेली दाढी मशीनने करू, असं म्हणालो. वडिलांनी डोळे न उघडताच मला विचारलं, “अर्धी दाढी ठेवीसन फिरू का गावमा?” आणि मान मागे टाकून गळा आबांसमोर धरला.

आबांनी नव्या दगडावर धार लावली. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो. पातं हनुवटीखालून गळ्यावर आलं, घाटीवरून खाली उतरलं. आवाज आला नाही. रक्ताचा टिपूसही आला नाही.

त्यानंतर होळीपर्यंत दर रविवारी आबा येत राहिले. होळीनंतरच्या एका पहाटे ते झोपेतच गेले. त्यांच्या मुलाने दगड आमच्या घरी आणून दिला, म्हणाला, हा नानांनी निवडलाय, नानांकडेच राहू दे.

आता रविवारी चोपड्याला गेलो की वडिलांची दाढी मी मशीनने करतो. कुठे लागत नाही, रक्त येत नाही, पाच मिनिटांत काम होतं. मी मशीन बंद केलं की वडील डोळे मिटतात, कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश हात फिरवतात आणि म्हणतात, “हाऊ नही.”