काळी चारच्या जरा वर

डोक्याला चुंबकाचं यंत्र लावण्याआधी ती टेक्निशियन मुलगी माझ्या दोन्ही कानांत बोळे घालते.

"अगं, डावा बहिराच आहे!" मी रोज चिडतो.

"नियम आहे काका," ती रोज म्हणते.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी उठलो तर डाव्या कानाने ऐकू येईना. आत नुसती एक शिट्टी वाजत होती, ती अजून थांबलेली नाही. चुंबकाने मेंदूला बाहेरून ठोके दिले की ती कमी होऊ शकते म्हणे.

"आज आवाज किती? शून्य ते दहा."

"पेटीवरच्या काळी चारच्या जरा वर."

"काका, आकडा सांगा ना."

काय आकडा सांगू? तीस वर्षं मी लोकांच्या हार्मोनियम सुरात लावल्या. एवढासा चढा सूर कानावर पडला तरी मला जेवण जात नाही. पेटी उघडायची, पितळेची पट्टी बुडाशी किंचित घासायची, की सूर गुमान उतरतो. हा मात्र माझ्याच डोक्यात चढा वाजतोय आणि तिथे माझा हात पोचत नाही.

आज दहावी खेप झाली. शिट्टी तशीच. निघताना डॉक्टर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा. काहींना फरक पडतो."

उजव्या कानाने मी तो स्वर बरोबर ओळखला. जुन्या जर्मन पट्टीला चीर गेलेली दिसली, आणि तशी दुसरी कुठेच मिळणार नाही हे ठाऊक असलं, की पेटी हळूच बंद करून मीही गिऱ्हाइकाला अगदी याच स्वरात सांगायचो, "बघू या. करतो प्रयत्न."