कोपऱ्यातली सही

वाल्मिकदादा शिडीवरच बसला. हातातला लाल ब्रश खाली सुंदरावैनीच्या पदरावर पडला. शिळफाट्याला बेकरीच्या भिंतीवर "खारी टोस्ट" लिहायचं काम होतं. खारी झालं होतं, टोस्ट राह्यलं होतं. शिडी वैनीच धरायची, रोज.

"अवो, काय झालं?"

"छातीत धरलंय गं."

बेकरीवाला शकूरभाई धावला. दोघांनी खाली उतरवला. दवाखाना रस्त्यापलीकडं, समोरच.

"भाभी, चला लवकर, डॉक्टर आत बसलाय."

दादानं शिडीचा पाय गच्च धरला. "तिथं नको. रिया तिथंच गेली. दुसरीकडं ने मला."

नेला. टेंपो हायवेला ट्रकांच्या मागं अडकला आन दादा वैनीच्या मांडीवर गेला.

आता लोकं बोलतात, हट्टापायी मेला. बोलू दे. त्यांची पोरगी मेली नाय.

रिया एकुलती, आठवीला होती. तापात त्याच डॉक्टरकडं नेली. हे इंजेक्शन हिला सोसत नाय, वैनीनं दोनदा सांगितलं. "डॉक्टर तू का मी?" बोलला आन टोचलंच. पोरगी घरी आली नाय.

दादानं डॉक्टर लोकांच्या कौन्सिलकडं तक्रार केली. हेलपाटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठं हुकूम आला. डॉक्टरची डॉक्टरकी सहा महिने बंद. पोरीचा जीव, आन सहा महिने! तरी दादाला त्या दिवशी जेवण गेलं.

त्या दवाखान्याचा बोर्ड दादानंच रंगवलेला, रिया झाली त्या साली. खाली कोपऱ्यात सही, सगळ्याच बोर्डांवर करायचा तशी: वाल्मिक, कळंब. हुकूम आला तसा सकाळीच पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन गेला आन डॉक्टरचं नाव पुसून आला. सही मात्र ठेवली. "पुसलं कुणी ते कळू दे की!"

तिथंच फसला. डॉक्टरनं वरती अपील केलं होतं. अपिलाचा निकाल लागंस्तवर हुकूम थांबवला. डॉक्टर परत खुर्चीत आन दादा चौकीत.

"तू पुसलंस ना? तूच लिही," साहेब बोलला, "नायतर गुन्हा घालतो."

दादानं लिहिलं. चांगलं वळणदार.

"वाकडं लिहायचं रं!" शकूरभाई चिडला.

"हात वाकडा चालतच नाय भाई. काय करू?"

मग तारखेवर तारीख. समोर डॉक्टरकडं पेशंटची रांग. दादानं पांढरा डबा माळ्यावर जपून ठेवला. निकाल लागला की मीच पुसणार, रोज बोलायचा.

तेरावं झालं आन वैनी बेकरीत ठेवलेली शिडी आणायला गेली. पिशवीत तो डबा होता. शिडी घेतली, रस्ता ओलांडला आन दवाखान्याला लावली. शकूरभाई येऊन शिडी धरून उभा राह्यला.

आतनं कंपाउंडर पळत आला. "ओ बाई! परत? अपील चालू हाय अजून!"

"वरच्या नावाला हात लावत नाय रं. ऱ्हाऊ दे तुझ्या डॉक्टरला."

तिनं ब्रश बुडवला आन कोपऱ्यातली सही पुसली. आधी कळंब, मग वाल्मिक.