तीन घरांत ठेवलेली नाव

आमची नाव मोठ्या तलावाच्या काठाला बांधलेली असायची, पण खरं म्हणजे ती तीन घरांत ठेवलेली होती. वल्ही अवधपुरीला, वल्ही अडकवायच्या दोन लोखंडी कड्या जवाहर चौकाजवळ, आणि साखळीच्या कुलपाची किल्ली आमच्याकडे, बिट्टन मार्केटच्या मागे, कॅलेंडरच्या खिळ्यावर. तिन्ही वस्तू एका वेळी काठावर पोचल्या तरच नाव हलायची. हा नियम मी केला होता. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

नावेचे मालक तिघे. माझे बाबा, अवधपुरीचे काका आणि जवाहर चौकातले काका. तिघंही महाराष्ट्रातून भोपाळला एकाच कारखान्यात नोकरीला आलेले. बाबा ड्रॉइंगवर, अवधपुरीचे काका फिटर, जवाहर चौकातले काका स्टोअरमध्ये. तरुणपणी पहिली पाळी सुटली की तिघं स्कूटरी काढून तलावावर येत आणि समोरच्या बेटाकडे बघत बसत. तिथे जाणाऱ्या भाड्याच्या नावा तेव्हाही होत्या. पण अवधपुरीचे काका म्हणायचे, "जायचं तर आपल्या नावेतून. वल्ही आपण मारायची, आणि किती वाजता परत या हे सांगणारं कुणी नको." भोंग्यावर उठणाऱ्या-बसणाऱ्या माणसांच्या दृष्टीने हे फार मोठं मागणं होतं. निवृत्त झाल्यावर तिघांनी मिळून एक जुनी लाकडी नाव घेतली, ती त्या एका मागण्यासाठी.

मी पत्रकांवर वाढले. बाबा युनियनची पत्रकं लिहायचे आणि घरात त्यांच्या चळती असायच्या. मी वाचलेला पहिला शब्द ‘साथियो’ होता. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूला मी पाढे लिहिले, पुढे भाषणं लिहिली, पुढे स्वतःची पत्रकं. जगात जे काही बिघडतं ते किल्ली एकाच्या हातात गेल्यामुळे बिघडतं, असं मला वाटायचं. अजूनही बरंचसं वाटतं.

नाव घेतल्यावर पहिल्याच महिन्यात भांडण झालं. एका रविवारी बाबा आणि अवधपुरीचे काका तलावावर गेले तर नाव जागेवर नाही. जवाहर चौकातले काका जावयाला घेऊन फिरायला गेले होते, न सांगता. दोघे दोन तास काठावर उभे राहिले. परत आलेल्या जावयाने त्यांना नाव दाखवत विचारलं, "तुम्हीही बसणार का?" त्यानंतर दीड महिना तिघं एकमेकांशी बोलले नाहीत.

तेव्हा मी पत्रक काढलं. लाल शाईत, कोपऱ्यावरच्या प्रेसमधून छापून. पहिलं कलम असं होतं: नाव तिघांची आहे, म्हणून ती एकट्याची कधीच नाही. दुसऱ्यात तीन वस्तू तीन घरांत वाटल्या. तिसरं, कुलपाला एकच किल्ली राहील. चौथं, कुलूप तोडायचं झाल्यास तिघांची संमती लागेल. अवधपुरीच्या काकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आमच्या पत्रकवालीनं काम चोख केलंय." मग आम्ही सगळे तलावावर गेलो, चहा घेतला आणि जास्तीची किल्ली पाण्यात फेकली. मीच फेकली. तिघांनीही टाळ्या वाजवल्या. मला आठवतं, ती बुडाल्याचा आवाजही आला नाही.

भांडण मिटलं. फेऱ्या मात्र वाया जाऊ लागल्या.

अवधपुरीचे काका वल्ही घेऊन दोन बस बदलून यायचे. एकदा एक वल्हं बसमध्येच राहिलं आणि डेपोतून आणेपर्यंत अर्धा दिवस गेला. जवाहर चौकातल्या काकांच्या कड्या कधी पँटच्या खिशातून धुण्यात गेलेल्या, कधी नातवाच्या खेळण्यांत. बाबा एकदा खिळ्यावरून कपाटाची किल्ली घेऊन आले आणि कुलपाशी बराच वेळ झटत राहिले. तिघांचीही वयं वाढत होती, आणि मी केलेल्या नियमात विसरण्याला जागा नव्हती. घाटावर एक म्हातारा नाववाला असायचा. आम्ही उतरताना दिसलो की लांबूनच अस्सल भोपाळी ढंगात हाक मारून विचारायचा, "को खां, आज क्या छोड़ आए?" सगळं आलेलं असलं की उदास होऊन म्हणायचा, "आज तो कुछ नहीं भूले. तबीयत तो ठीक है?"

सगळं जमलं तरी उशीर झालेला असायचा. दहानंतर तलावावर वारं उठतं आणि जुन्या नावेनं बेटापर्यंत जाणं धोक्याचं होतं. चार-पाचदा निघून अर्ध्यातून परतलो. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, पुढच्या रविवारी. अशी पाच वर्षं गेली.

मग अवधपुरीच्या काकांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. मुलगा नागपूरला होता. डायलिसिस तिथेच करायचं, घर विकायचं, असं ठरलं. रविवारी संध्याकाळची गाडी होती. काकांनी मुलाकडे एकच गोष्ट मागितली: रविवारी सकाळी तलावावर सोड. मुलगा कबूल झाला, पण दहा वाजता निघायचं या अटीवर.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना उन्हात जायचं नव्हतं. जवाहर चौकातले काका उज्जैनला लग्नाला गेले होते. जाताना कड्या आमच्याकडे देऊन गेले. रविवारी मी निघण्यापूर्वी बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ त्यांनीच बंद केली. "तू ने त्याला," ते म्हणाले. एवढंच.

कड्या मी जीन्सच्या खिशात घातल्या. किल्ली झोळीत टाकली.

त्या सकाळी मला आणखी एक काम होतं. बिट्टन मार्केटच्या बाजारात भाजीवाल्या बायांच्या जागेचा प्रश्न पेटला होता, आणि आम्ही पत्रकं वाटत होतो. मी लिहिलेली. मी म्हटलं, अर्धा तास वाटून मग तलावावर जाऊ. माझी मैत्रीण दुसरी झोळी घेऊन आली होती. दोन्ही झोळ्या एकाच खादीच्या, एकाच दुकानातल्या. एका म्हातारीला मी पत्रक वाचून दाखवत होते, तिने दोन प्रश्न विचारले, मी रंगात आले. मग घड्याळ बघितलं, समोरची झोळी खांद्याला अडकवली आणि रिक्षात बसले.

काका माझ्या आधी पोचले होते. वल्ही मांडीवर आडवी धरून पायरीवर बसलेले. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. पाय सुजल्यामुळे चपला सैल केलेल्या. मुलगा वर रस्त्यावर गाडीत होता. वारं अजिबात नव्हतं. बेट इतकं स्वच्छ दिसत होतं की तिथली झाडं मोजता आली असती.

मी झोळीत हात घातला. आत पत्रकं होती. मी ती बाहेर काढली, पायरीवर ठेवली, झोळी उलटी केली. आणखी पत्रकं पडली.

"काय गं?" काकांनी विचारलं.

मी मैत्रिणीला फोन लावला. ती सीहोरच्या बसमध्ये होती, तिथल्या बाजारात पत्रकं वाटायला निघालेली. किल्ली तिच्या मांडीवरच्या झोळीत होती. बस शहराबाहेर पडून बराच वेळ झाला होता. ती पुढच्या थांब्यावर उतरून परत फिरते म्हणाली. मी हिशेब केला, दहाच्या आत ती पोचणं शक्य नव्हतं.

म्हातारा नाववाला जवळ आला. या वेळी त्याने काहीच विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबूजी, मेरी नाव में बैठिए. मैं ले चलता हूँ."

"तुम्हारी मेहरबानी है भाई," काका म्हणाले. "पर वो फिर तुम्हारा जाना हुआ."

नाववाल्याने ते समजून घेतलं. मग त्याने कुलपाकडे बोट दाखवलं. "तो इसे तोड़ देते हैं."

मी बाबांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "तोड." जवाहर चौकातल्या काकांना सहा वेळा लावला, लग्नाच्या गोंधळात त्यांनी उचलला नाही. मी काकांकडे वळले. "दोघांची संमती आहे. तिसरे हो म्हणतीलच."

"म्हणेल तो. पण म्हटलेलं नाही."

"काका, नियम माणसांसाठी असतो."

"हे तू तेव्हा लिहायला हवं होतंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "तुझ्या बाबानं कपाटाची किल्ली आणली तेव्हा आपण कुलूप तोडलं नाही. त्याला घरी पाठवला. कड्या विसरल्या म्हणून जवाहर चौकवाल्याला नातवासमोर बोललो. आता माझ्यासाठी तोडायचं?"

मी ऐकलं नाही. मी एक दगड उचलला आणि कुलपावर घातला. साखळी नावेच्या पुढच्या फळीतल्या कडीतून गेलेली होती. प्रत्येक घावाला सगळी नाव हादरत होती. तिसऱ्या घावाला फळीतून कोरडा आवाज आला.

"थांब," काका म्हणाले. ते उठून आले, वाकले आणि फळीवरून अंगठा फिरवला, आयुष्यभर लोखंडावरून फिरवला असेल तसा. "कुलूप तुटायच्या आधी फळी फाटेल. मी जातोय, नाव राहणार आहे. टाक तो दगड."

मी टाकला. नाववाला म्हणाला, माझ्या जावयाकडे लोखंड कापायची करवत आहे, घेऊन येतो. आणि भराभर चढून गेला. साडेनऊ वाजून गेले होते.

"तोवर बसू तरी," काका म्हणाले.

मी त्यांना धरून नावेत बसवलं. खिशातल्या कड्या काढून दोन्ही बाजूंना लावल्या, वल्ही अडकवली. साखळी काठावरच्या दगडी खांबाला होती आणि बरीच लांब होती. काकांनी वल्ही पाण्यात घातली. एक, दोन, तीन. नाव काठापासून सुटली. पाच-सहा हात गेली. मग साखळी पाण्यातून वर आली, ताणली गेली आणि नाव थांबली. काकांनी पुन्हा वल्ही ओढली. साखळीने आम्हाला हळूच मागे घेतलं.

वल्हवणाऱ्या माणसाची पाठ त्याला जायचं असतं त्या बाजूला असते. इतक्या वर्षांत मला हे जाणवलं नव्हतं. बेट काकांच्या पाठीमागे होतं. त्यांच्यासमोर होते मी, ताणलेली साखळी, काठ, आणि पायरीवर विखुरलेली माझी पत्रकं.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय दिसतंय?"

"झाडं. एक पांढरी भिंत. बगळे आहेत, पाच. नाही, सहा. एक नाव लागतेय काठाला."

"कुणाची?"

"भाड्याची."

ते हसले आणि वल्ही मारत राहिले. मान वळवून त्यांनी एकदाही बघितलं नाही. घाम आला, शर्ट पाठीला चिकटला. मी म्हटलं, मी मारते. ते नको म्हणाले. मला माफी मागायची होती, पण मला पत्रकाची भाषा येते, माफीची कुणी शिकवली नव्हती. शेवटी मी म्हटलं, "काका, माझं चुकलं."

"किल्ली विसरलीस ते?"

"दुसरी पाण्यात फेकली ते."

त्यांनी आणखी दोनदा वल्ही ओढली. "टाळ्या आम्हीही वाजवल्या होत्या," ते म्हणाले.

वरून गाडीचा हॉर्न वाजला. नाववाला करवत घेऊन उतरत होता, पण त्याच वेळी पाण्यावर बारीक सुरकुत्या धावायला लागल्या होत्या. त्याने पाण्याकडे बघितलं आणि करवत खाली ठेवली.

काकांना वर चढवताना मी आणि त्यांचा मुलगा दोन्ही बाजूंना होतो. गाडीत बसल्यावर त्यांनी वल्ही मला दिली. मुलगा म्हणाला, "ही नागपूरला नेऊन काय करणार." काका म्हणाले, "दोन वस्तू एका घरात आल्या. पत्रक बदलावं लागेल तुला." मी मान हलवली. रिक्षातून घरी जाताना वल्ही दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती आणि मी ती धरून बसले होते. बाबा दारात उभे होते, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. त्यांनी एक वल्हं माझ्या हातातून घेतलं.

पत्रक मी बदललं. या वेळी छापलं नाही, हाताने लिहिलं. कुलूप नवं घेतलं आणि जवाहर चौकातल्या किल्लीवाल्याकडून चार किल्ल्या करून घेतल्या. एक कुरिअरने नागपूरला पाठवली. त्यांचा मुलगा सांगतो की डायलिसिसच्या दिवशी ती शर्टाच्या खिशात असते आणि नर्सला दर वेळी काढून ठेवावी लागते.

आता फेऱ्या वाया जात नाहीत. बाबांचे डोळे बरे आहेत, जवाहर चौकातले काका कड्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालून येतात. रविवारी आम्ही सकाळी सातला पाण्यात असतो आणि नाववाल्याला बोलायला काही उरलेलं नाही. मागच्या रविवारी बाबा वल्ही मारत होते. वारं नव्हतं. अर्ध्याच्याही पुढे गेलो, बेटावरच्या भिंतीचे पोपडे दिसायला लागले. "दिसतंय?" बाबांनी विचारलं. "दिसतंय," मी म्हटलं. त्यांनी आणखी चार-पाच हात मारले. मग एक वल्हं पाण्यात रोवून धरलं आणि दुसऱ्यानं नाव वळवली. जवाहर चौकातल्या काकांनी टोपी काढून डोकं पुसलं. कुणी कुणाला विचारलं नाही.

दुपारी नागपूरहून फोन आला. तो दर रविवारी येतो.

"किल्ली घेतली होती?"

"घेतली होती."

"कड्या?"

"गळ्यात होत्या."

"मग कुठवर गेलात?"

मी बाबांकडे बघितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते, पण पान उलटत नव्हते.

"वारं होतं, काका," मी म्हटलं.

"वारं होतं तर ठीक," ते म्हणाले. "घाई करू नका."