लाल रगाची गोष्ट

रत्नाकर गेल्याचं मला रविवारी उपासना संपल्यावर कळलं. बायकांच्या प्रार्थनासभेची वेळ आणि छताच्या दुरुस्तीची वर्गणी या दोन सूचनांच्या मधे पाळकांनी ते वाचून दाखवलं, की साताऱ्याचे ज्येष्ठ कीर्तनकार रत्नाकरबुवा प्रभूत निद्रिस्त झाले. चारपाच जणांनी माना वळवून माझ्याकडं पाहिलं. बाहेर पायऱ्यांवर एकानं विचारलंही, तुम्ही त्यांच्या साथीला पेटीवर होता ना? होतो म्हणालो आणि चपला घातल्या. मला रडू आलं नाही. घरी येऊन रोजच्यासारखा जेवलो. पंधरा दिवसांनी या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. त्यांना बुवांच्या सहवासातले काही हृद्य प्रसंग हवे होते. माझ्याकडं एकच प्रसंग आहे, आणि तो हृद्य नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, तरी लिहा.

आम्ही दोघं सांगलीच्या मिशन बोर्डिंगात एका खोलीत होतो. त्याचे वडील जवळच्याच एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर. अतिशय शांत माणूस. रत्नाकरच्या जन्माच्या वेळीच त्याची आई गेली, आणि मास्तरांनी दुसरं लग्न न करता त्याला एकट्यानं वाढवलं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडं जायचो तेव्हा मास्तर स्वतः भाकरी थापून आम्हाला वाढत. माझे वडील, आबा, पाचगणीला एका बोर्डिंग शाळेत माळी होते. माझीही आई नव्हती. बिनआईची दोन पोरं एका खोलीत आली की त्यांच्यात काही चोरून राहत नाही. म्हणून एकदा मी रत्नाकरला ती गोष्ट सांगितली, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. मी लहान असताना आबा दारू प्यायचे. शाळेच्या मडमेनं माझ्या आईला एक लोकरी रग दिला होता, लाल रंगाचा. पाचगणीच्या थंडीत तेवढंच एक उबेचं पांघरूण घरात होतं. आबा तो रग विकून दारू प्यायले. आठवड्याभरानं आई तापानं गेली. मी आठ वर्षांचा होतो, तिच्याजवळ मी एकटाच होतो, आबा कामावर होते. त्या दिवसापासून आबांनी दारूला हात लावला नाही. एवढीच गोष्ट. रत्नाकरनं ती मान खाली घालून ऐकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा मला किती तरी वर्षं आधार वाटला, हे लिहायला हवं.

पुढं तो ख्रिस्ती कीर्तनं करू लागला. आवाज देवानं दिलेला, बोलणं ओघवतं, आणि समोरच्या माणसाच्या मनात कुठं हात घातला की डोळ्यांत पाणी येतं याची त्याला उपजत जाण. मी मिरजेत एका दवाखान्यात कंपाउंडर लागलो होतो. रजा काढून त्याच्या साथीला पेटी वाजवायला जायचो. कोयनेच्या भूकंपाच्या आधीची दोनएक वर्षं असतील. माण आणि आटपाडीकडं पाऊस नव्हता. मेंढरं घेऊन माणसं बाहेर पडली होती आणि तरणी पोरं मुंबईला गेली होती. तिकडच्या गावांत तीन आठवड्यांचा सुवार्ता दौरा न्यायचा, सोबत एक डॉक्टर, औषधं, पोरांसाठी दुधाची भुकटी, असं आमच्या चर्चच्या मंडळीनं ठरवलं. पूर्वी असल्या दौऱ्याचा खर्च मिशन उचलायचं. आता परदेशी साहेब परत जायला लागले होते आणि तुमचं तुम्ही बघा असं त्यांनी सांगितलं होतं. पैसा आणायचा कुठून, यावर सभेत नुसती चर्चा चालली होती. रत्नाकर उठला आणि म्हणाला, गावोगाव कीर्तनं करतो, झोळी फिरवतो, दौरा होणार.

पहिली दोन कीर्तनं इस्लामपूर आणि कऱ्हाडला झाली. लोक आले, ऐकून गेले, झोळी जवळजवळ रिकामी परत आली. तिसरं कीर्तन तासगावला होतं. पूर्वरंग संपला, मी सूर धरून बसलो, आणि त्यानं आख्यान सुरू केलं. डोंगरावर एक कुटुंब राहत होतं, घरात एकच पांघरूण होतं, लाल रंगाचं...

माझे हात पेटीवर होते. मला वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. नुसता हात हलवून चाल दिली आणि मी ती वाजवली. मी का थांबलो नाही, याचा विचार मी नंतर खूप केला आहे. त्या दिवशी झोळीत बांगडीसुद्धा पडली. निघताना मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, नाव कुठं घेतलं मी? आणि दौरा माझ्या घरचा आहे का? तिकडं पोरं उपाशी आहेत. रत्नाकरशी बोलताना मला उत्तर नेहमी दोन दिवसांनी सुचायचं.

पुढं प्रत्येक गावात तीच गोष्ट. ती वाढतही गेली. तासगावला रग विकला गेला होता. विट्याला तो आजारी बाईच्या अंगावरून ओढून काढला गेला. पुढच्या गावी ती बाई मरताना हात जोडून म्हणू लागली, "प्रभो, माझ्या धन्याला क्षमा कर. मी केली आहे." या वाक्याला मी पेटीचा सूर बारीक करायचा आणि रत्नाकर उपरण्यानं डोळे टिपायचा. माझी आई असं काही म्हणाली नव्हती. ती दोन दिवस शुद्धीतच नव्हती. हे त्याला माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, हे वाक्य तरी काढ. त्यानं मला समजावलं, की लोक त्याच वाक्याला रडतात.

शेवटचं कीर्तन साताऱ्याला, रविवारी दुपारी. दौऱ्याला लागणाऱ्या पैशांत थोडी तूट होती आणि ती त्या दिवशी भरून निघायची होती. मी पेटी उघडत होतो, तर तिसऱ्या रांगेत आबा. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, मांडीवर पानांत गुंडाळलेली स्ट्रॉबेरीची टोपली. मुलगा साथ करतो, ती एकदा ऐकावी म्हणून पाचगणीहून एसटीनं आले होते. मला न कळवता. टोपली बुवांसाठी होती, हे त्यांनी शेजारच्याला सांगितल्याचं मला ऐकू आलं.

पूर्वरंग संपल्यावर मी रत्नाकरच्या कानाशी लागलो. "आबा आल्यात. आज ती गोष्ट नगो."

त्यानं रांगेकडं पाहिलं. "आल्यात? मग लय बरं झालं," म्हणाला.

मी त्याचा हात धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला आणि टाळ उचलले.

आख्यान सबंध झालं. रग ओढून काढला गेला, बाईनं हात जोडले, क्षमा केली. मी वाजवत होतो आणि पेटीच्या पट्ट्यांकडं बघत होतो. शेवटी रत्नाकर दोन पावलं पुढं झाला आणि म्हणाला, "बंधुभगिनींनो, तो माणूस आज आपल्यात बसला आहे. प्रभूनं त्याला बदललं. आबा, उभे राहा."

आबा उभे राहिले. माळीकाम करणारा माणूस, कुणी उभं राहा म्हटलं की उभं राहायची सवय. टोपी काढून त्यांनी हातात धरली होती. सगळे माना वळवून त्यांच्याकडं बघत होते, बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. झोळी फिरली, तूट भरून निघाली, वर उरलं. आबांनी खिशात होतं ते सगळं झोळीत टाकलं. प्रार्थनेसाठी लोकांनी डोळे मिटले तेव्हा ते निघून गेले. टोपली बाकावर राहिली. परतीच्या एसटीचे पैसेही झोळीतच गेले होते, म्हणून साताऱ्याहून वाईपर्यंत ते चालत गेले, पुढं कुणी ट्रकवाल्यानं घाटातून वर नेलं. हे मला शाळेच्या आचाऱ्यानं नंतर सांगितलं.

कीर्तन झाल्यावर रत्नाकर स्ट्रॉबेरी खात बसला होता. मी काय बोललो ते आठवत नाही. त्याचं बोलणं शब्दन् शब्द आठवतं. "तुझ्या बापाला मी मोठा केला, गड्या. दारू सोडलेला माणूस म्हणून शंभर माणसांनी बघितला त्याला."

"त्याला इचारलंस का?"

"साक्ष कुणी इचारून देतं व्हय?"

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. आयुष्यभर.

दुसऱ्या दिवशी मी पाचगणीला गेलो. आबांच्या पायांना फोड आले होते. त्यांनी मला जेवायला वाढलं आणि समोर बसले. रत्नाकरचं नावही काढलं नाही. माझं जेवण होत आल्यावर म्हणाले, "बाळ, ती खरंच तसं म्हणाली व्हती का रं? क्षमा केली म्हणून? मी कामावर व्हतो. तू व्हतास जवळ."

मी त्यांच्याकडं पाहिलं. सोळा वर्षं हा माणूस हे कुणाला तरी विचारायचं म्हणून थांबला होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात रत्नाकर होता. त्याचं एक वाक्यही मला खरं ठरू द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "न्हाई आबा. ती काय बोललीच न्हाई. त्यानं घातलंय ते."

आबा बरं म्हणाले आणि माझं ताट उचलून धुवायला घेऊन गेले.

रत्नाकरचा मला राग आहे तो बहुतेक एवढ्यासाठी. त्यानं माझ्या बापाला खोटी का होईना क्षमा मिळवून दिली, आणि ती काढून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. आबा नंतर नऊ वर्षं जगले. रविवारी उपासनेला देवळात कधी गेले नाहीत. विचारलं की म्हणायचे, बागेत काम आहे.

दौरा झाला. औषधं खरी होती, दूध खरं होतं, आटपाडीकडच्या एका गावात डॉक्टरांनी एका बाळंतिणीचा जीव वाचवला. हे मी नाकारत नाही. माणमधल्या एका गावात काही घरं नुकतीच बौद्ध झाली होती. तिथल्या एका म्हाताऱ्यानं रत्नाकरला सांगितलं म्हणे, की राहा, जेवा, औषध द्या, पण आमाला तुमचं कीर्तन नगो. रत्नाकर त्या गावी गप्प राहिला. माझ्या जागी पेटीला गेलेल्या मुलानं मला हे सांगितलं, तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला.

मी रत्नाकरला निरोप पाठवला होता, की पुन्हा माझ्या बापाची गोष्ट सांगितलीस तर भर सभेत उभा राहून खोटं पाडीन. त्याचं एका ओळीचं पत्र आलं, पुन्हा सांगणार नाही. त्यानं शब्द पाळला असंच मी धरून चाललो. त्याची कीर्ती वाढत गेली, सत्कार झाले. मी त्याच्या एकाही कीर्तनाला गेलो नाही.

गेल्या महिन्यात, तो गेल्यानंतर, साताऱ्याला त्याच्या घरच्यांना भेटायला गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. त्याची मुलगी शलाका एकटी होती. तिनं मला त्याच्या खोलीत बसवलं. खुंटीवर उपरणं, खिडकीत औषधाच्या बाटल्या, खोकल्याच्या गोळ्यांचा डबा उघडा तसाच. भिंतीवर मास्तरांचा फोटो होता. मी म्हणालो, किती चांगला माणूस. भाकरी काय सुरेख करायचे.

ती माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत राहिली. मग म्हणाली, "काका, लहानपणी मला या फोटोची भीती वाटायची. बाबा कीर्तनात आजोबांची गोष्ट सांगायचे ना... आजीच्या अंगावरचा रग विकून दारू प्यायले ती. मी या फोटोला कधी हार घातला नाही. आता तर नाहीच घालणार."

त्यानं खरंच शब्द पाळला होता. माझ्या बापाला त्या गोष्टीतून काढलं आणि तिथं स्वतःच्या बापाला बसवलं. ज्यानं आयुष्यात दारू चाखली नाही, त्याला. शलाका म्हणाली, सांगताना दर वेळी त्यांचा आवाज कापायचा. हे प्रायश्चित्त होतं असं कुणी म्हणेल. मी रत्नाकरला ओळखत होतो. मला वाटतं, त्याला ती गोष्ट सोडवेना.

मी गप्प बसू शकलो असतो. आबांचं नाव त्यातून कायमचं सुटलं होतं. कुणाला काही कळणार नव्हतं. पण समोर मास्तर होते, त्यांच्या हातच्या किती भाकरी मी खाल्ल्या होत्या त्याची गणती नाही.

"तुझे आजोबा कधी प्यायले नाहीत," मी म्हणालो. "तो माणूस दुसरा होता."

"मग कोण?"

"माझे वडील."

ती वडिलांवर चिडली असेल, माझ्यावरही. मग उठली, पदरानं मास्तरांच्या फोटोची काच पुसली, आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

इतक्या सगळ्या कीर्तनांत रत्नाकरनं ते कधी घेतलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. भिवाजी. पाचगणीला माळी होते.