चरबी चढलेली बाई

"त्या बाकावर बसू नोको. घाम पुसून घे आधी, अन् तिकडं दूर उभी राह्य."

सेलूच्या शाळेचं मैदान. सकाळची वेळ. बोलणारी किराणावाल्या शेटची बायको. पायात पांढरे बूट, कपाळावर तिच्याही घाम. पण तिचा घाम तब्येतीचा. माझा बिमारीचा.

मी उठले. मुकाट उठले. त्याची चीड अजून जात नाही.

नवरा एचआयव्हीनं गेला आणि तेच मला देऊन गेला. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी मी वाचले, पुन्हा अंग धरलं. मग एकदा रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात चरबी वाढलीय. या गोळ्यांनी काहींची वाढते. गोळ्या सोडायच्या नाहीत. रोज भरभर चालायचं, घाम येईस्तोवर. नाहीतर हृदयाला धोका."

"घरात दिवसभर राबतो ना जी मी."

"ते वेगळं. न थांबता चालायचं, दम लागला पाहिजे."

घरी येऊन सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. ओसरीवर भासरे बसले होते, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. तेही माझ्याशी बोलत नसत, आईला सांगत. तेव्हाही तिलाच म्हणाले, "रक्तात कायची? अंगातच चढली चरबी हिले. नवरा गेला अन् चरबी चढली."

तरी मी मैदानावर जात राहिले. मग ते बाकाचं झालं. शेटणीनं घरी निरोप धाडला आणि फाटकाला कुलूप लागलं. किल्ली भासऱ्यांच्या कमरेच्या करगोट्याला.

"चालाचं असन तं आंगणात चाल म्हणा."

चालले. तुळशीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून तुळशीपर्यंत. घाण्याचा बैल बरा. जरा वेग धरला की भिंत यायची. घाम येईना, दम लागेना. छातीत थोडं धडधडलं तरी वाटायचं, झालं, आता जाते मी. ज्या बिमारीनं मेले नाही, तिच्यातून वाचलेल्या जिवाला या अंगणानं खाल्लं असतं.

एका सकाळी भासरे दात घासत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. लग्नानंतर त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले.

"भाऊजी, किल्ली द्या."

ते आईकडे बघत म्हणाले, "पाह्य, किती चरबी चढली! उतरवू का?"

"उतरवाचीच हाये. माही मी उतरवतो."

किल्ली मिळाली नाही. मी गोठ्यामागचं काट्यांचं कुंपण दोन्ही हातांनी ओढून भोक पाडलं. तळवा फाटला, रक्त आलं. भासरे धावले, दंड धरायला हात पुढे केला.

"हात लावू नोको तिले!" सासूबाई किंचाळल्या. "रक्त हाये!"

हात तिथेच थांबला. ज्या भीतीनं मला बाकावरून उठवलं, तिनंच त्यांना जागच्या जागी खिळवलं. मला हसू आलं आणि रडूही. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे तळव्याला फडकं घट्ट बांधलं, आणि त्या भोकातून बाहेर पडले.

मैदानाला फेऱ्या मारल्या. भरभर. पदर खांद्यावर. घामानं पाठ भिजली, दम लागला, तेव्हा त्याच बाकावर जाऊन बसले. तिथं बसलेली शेटणी उठून गेली.

जाऊ दे. तिला दुसरा बाक बघता येईल. मी उद्याही येणार, घाम येईस्तोवर चालणार आणि इथंच बसणार.