एसएक्स घ्यावा की डीएक्स

साताऱ्यातल्या एका सल्लागाराच्या ऑफिसातली नोकरी सोडून मी सांगलीला आलो आणि सर्वेक्षणाची कामं स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायला लागलो. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. दुर्बीण लावून जमिनीचे चढउतार मोजायचे आणि घरी येऊन कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करायची, असा दिनक्रम होता. बायको घरीच शाळांच्या प्रश्नपत्रिका टाईप करून द्यायची. दोघांच्या कामाला मिळून एक कॉम्प्युटर घ्यायचा, आणि तो माझ्याबरोबर शिवारात येणारा असावा, म्हणजे लॅपटॉपच, इथवर आमचं एकमत झालं होतं.

सांगलीत जुने लॅपटॉप विकणारा एक दुकानदार होता. गडी साताऱ्याकडचा, लष्करात बिनतारी विभागात नोकरी करून आलेला. मुंबईच्या कंपन्यांनी टाकून दिलेली यंत्रं तो आणायचा आणि दुरुस्त करून विकायचा. त्यानं माझ्यापुढे दोन लॅपटॉप ठेवले. दोन्ही काळे, एकाच कंपनीचे, एकाच घडणीचे. झाकणाच्या कोपऱ्यातली अक्षरं तेवढी निराळी. एक फोर-एटी-सिक्स एसएक्स, दुसरा फोर-एटी-सिक्स डीएक्स-टू.

फरक काय, म्हणून विचारलं. तो म्हणाला, प्रोसेसर दोन्हीकडे एकाच कुळातला. पण डीएक्सच्या पोटात अपूर्णांकांच्या गणितासाठी वेगळा भाग असतो, एसएक्सला तो नसतो. तिथं तेच गणित साध्या बेरजा-वजाबाक्या करत ओढावं लागतं. वर डीएक्स आतल्या आत दुप्पट वेगानं पळतो.

माझं मन तिथंच डीएक्सकडे झुकलं. आकडेमोड करणाऱ्या माणसानं दुसरं काय घ्यायचं? पण दुकानदारच म्हणाला, "आवं सायेब, कागदावरचं कागदावर. दोन्ही घिऊन जावा, आठवडाभर कामाला जुंपा. मला इचारून काय उपेग न्हाई, काम तुमचं हाय."

घरी आल्यावर बायकोनं पहिली परीक्षा घेतली. कोपऱ्यातल्या अक्षरांवर तिनं कागद चिकटवले, यंत्रांची अदलाबदल केली आणि मला टाईप करायला बसवलं. मी दोन्हीवर सहावीच्या भूगोलाचे प्रश्न टाईप केले आणि मोठ्या तोऱ्यात डावीकडचा डीएक्स म्हणून सांगितलं. तो एसएक्स निघाला. मोठी फाईल उघडताना डीएक्स थोडा आधी उघडायचा खरा, पण ते शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळायचं. बायको म्हणाली, तिच्या कामापुरती दोन्ही यंत्रं जुळी भावंडं आहेत, तेव्हा निवड माझ्या कामानं ठरवावी.

मग मी माझं गणित घातलं. कुंडलजवळच्या एका वस्तीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून नदीवरून पाणी उचलायचं ठरवलं होतं, त्या पाइपलाइनचं काम माझ्याकडे होतं. पाइपाचा व्यास बदलला, की प्रत्येक टप्प्यावर पाण्याचा जोर किती उरतो ते पुन्हा काढावं लागे. त्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. डीएक्सनं उत्तर दिलं तेव्हा मी अजून खुर्ची पुढं ओढत होतो. एसएक्सवर तेच गणित लावलं, तर बायकोनं चहा टाकला, गाळला, आम्ही तो प्यायलो, मग उत्तर आलं. उत्तर तेच, दशांशापर्यंत तेच. मला वाटलं, झाला निकाल.

दुसऱ्या दिवशी दोन्ही यंत्रं पिशवीत घालून कुंडलला गेलो. माळावर उन्हात दुर्बिणीतून लेव्हल घेता घेता आकडे डीएक्समध्ये भरत होतो. वस्तीवरची माणसं भोवती जमली होती. आमची निम्मी लाइन मोजून व्हायच्या आतच डीएक्सचा पडदा मालवला. बॅटरी संपली होती. खालचा पत्रा इतका तापला होता, की मांडीवर टॉवेल घ्यावा लागला होता. एसएक्स काढून पुढचं काम त्यावर केलं, तर तो शेवटच्या शेतापर्यंत टिकला.

त्या शेवटच्या शेताची मालकीण एक म्हातारी होती. मुलगा पलटणीत, शेत तीच बघायची. सगळी माणसं पडद्यावर उमटलेल्या चढउतारांच्या रेषेकडे बघत होती. ती मात्र माझ्याकडे बघत म्हणाली, "लेकरा, हे समदं खरं. माज्या रानात पानी येतंय का न्हाई, तेवडं सांग."

घरी जाऊन सांगतो, असं मी म्हणू शकलो असतो. आजवर तसंच म्हणत आलो होतो. पण यंत्र चालू होतं. तिथंच बांधावर बसून मी वहीत टिपलेले सुरुवातीचे आकडेही त्यात घातले आणि गणित सुरू केलं. पडद्यावर बराच वेळ काही हलेना. कोणीतरी शेंगा आणल्या, त्या सोलत सगळे बसून राहिले. कुणाला घाई नव्हती. उत्तर आलं, ते नकाराचं. ठरवलेल्या पाइपानं तिच्या बांधाशी जेमतेम ओल पोचली असती.

मी शेवटच्या दोन टप्प्यांचा पाइप एका मापानं वाढवला आणि पुन्हा गणित लावलं. पुन्हा शेंगा, पुन्हा वाट बघणं. या खेपेला जोर पुरत होता. मी सांगितलं तशी वस्तीवरचीच माणसं आपसांत बोलली. वाढीव पाइप सगळ्यांनी मिळून घ्यायचा, असं तिथंच त्या बांधावर ठरलं. म्हातारीनं उरलेल्या शेंगा माझ्या पिशवीत ओतल्या.

संध्याकाळी मी सगळी हकीकत सांगितली, तेव्हा बायकोनं शंका काढली, की डीएक्सची बॅटरीच जुनी असेल. म्हणून आम्ही दोन्हींच्या बॅटऱ्यांची अदलाबदल करून पाहिली. तरी डीएक्सच आधी आटोपला. दुप्पट पळणाऱ्याला भूकही जास्त लागत होती.

"घरी एसएक्सचं गणित चालू असताना आपण चहा प्यालो," ती म्हणाली. "माळावर नुसता डीएक्स असता आणि बॅटरी संपली असती, तर काय केलं असतंत?"

आम्ही एसएक्स ठेवून घेतला. दुकानदाराला कारण सांगितलं तर त्यानं मान डोलावली. डीएक्स पुढं कुपवाडच्या एका कारखानदारानं नेला. तो यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढायचा, आणि त्याचा नकाशांचा प्रोग्राम अपूर्णांकांच्या त्या भागाशिवाय, म्हणजे एसएक्सवर, सुरूच होत नव्हता. त्याला बॅटरीची फिकीर नव्हती, कारण लॅपटॉप त्याच्या टेबलावरून कधी उठणारच नव्हता. नंतर एकदा दुकानात भेटला, तर माझ्याइतकाच खूश दिसला.

आमचा एसएक्स पुढं बरीच वर्षं चालला. सकाळी माझ्याबरोबर शिवारात, दुपारनंतर बायकोच्या प्रश्नपत्रिकांना. कुंडलची लाइन सुरू झाली त्या दिवशी मी आणि बायको दोघंही गेलो होतो. म्हातारी वाहत्या पाटात अनवाणी उभी होती आणि शेजारच्या शेतकऱ्याशी पाण्याच्या पाळीवरून वाद घालत होती. आमच्याकडे बघायला तिला सवड झाली नाही.