समुद्रावरची पथारी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली. हे कोणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागून घेते, मग हात मोकळा होतो.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आमच्या ह्यांना डहाणूकडच्या एका लहान स्टेशनावर रुळांच्या कामावर घेतलं. आमच्या कोरीट गावाहून निघालो तेव्हा आमच्याजवळ मिरचीची दोन पोती होती, थोरल्या जाऊबाईंची. त्यांच्या लेकीचं लग्न वैशाखात होतं आणि मिरचीच्या पैशातून तिचे चांदीचे तोडे व्हायचे होते.

"तठे मिरचीले भाव शे," जाऊबाई म्हणाल्या. "इकीसन पैसा धाड. पन आखो वाळाडजो, वली शे." म्हणजे ओली मिरची तिकडे आणखी वाळवून मगच विकायची होती.

नंदुरबारला गाडीत बसलो. नवापूरचे डोंगर, सागाचं रान, धुरात मागे जाणारी झाडं बघता बघता मी पेंगले. सुरतेला गाडी बदलली. उतरलो तेव्हा हवेलाच चव होती. ओठ चाटले तर खारट.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी समुद्र पाहायला गेले. समुद्र तिथे नव्हताच. फार लांब एक पांढरी रेघ हलत होती आणि तिथपर्यंत नुसती सपाट, चकचकीत रेती. कडक ऊन, वारा, माणूस कोणी नाही. आमच्याकडे मिरची वाळवायला पथारी घालतात, त्यासाठी मोकळं रान शोधत फिरावं लागतं. मला वाटलं, एवढी चांगली जागा ह्या लोकांनी रिकामी का ठेवली असेल?

पोती ओढत नेली, मिरची पसरली आणि वर ताडाखाली बसले. ताडाची पानं वाजत होती. डोळे मिटले होते की उघडे, आता सांगता येत नाही. रेघ जवळ येत होती, जशी स्वप्नात एखादी वस्तू आपोआप जवळ येते. मग पाणी आवाज न करता पथारीखाली शिरलं, मिरच्या हलल्या, उचलल्या गेल्या आणि किनारभर लाल रंग डोलू लागला. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. मी बघतच राहिले. मग तोडे आठवले आणि लुगड्यासकट पाण्यात धावले.

एक कोळीण टोपली घेऊन पळत आली.

"अगो बाय, दर्यात मिरची पेरतेस काय?"

"मला वाटलं, इथे पाणी येत नाही."

"दर्या दिवसातून दोनदा घरी येतो आमच्या! तुला कोणी सांगितला नाय?"

ती हसून हसून ओल्या रेतीत बसली. मग तिने आणखी बायकांना हाका मारल्या आणि सगळ्यांनी टोपल्यांनी मिरची उपसली. उपसली तेवढीही पुढे काळी पडली.

संध्याकाळी हे म्हणाले, "आते वयनीले काय सांगशी?"

"सांगसू मीच. नि फेडसू बी मीच," मी म्हटलं. माझाच आवाज मला नवा वाटला.

परक्या माणसाशी बोलताना माझी जीभ टाळूला चिकटायची. तरी सकाळी त्या कोळणीच्या दारात उभी राहिले. "मावशी, वाळवणाचं काम मला येतं. घ्याल का?"

"येतं, ते बघितला मी," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. पण घेतलं.

मग नाकाला पदर लावून मी बांबूंवर बोंबील टांगू लागले. हळूहळू पदर सुटला. वारा मासळीतून वाहायचा, ती चांदीच्या पानांसारखी हलायची, आणि काम करता करता मी कुठे आहे तेच विसरायचे. पाणी कधी येणार, हे आता पायाखालच्या रेतीवरूनच कळायचं.

वैशाखाआधी आम्ही कोरीटला गेलो. ओसरीवर जाऊबाईंना मी सगळं सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"दर्याले मिरची चारी उनी! नि मन्हा पैसा?"

मी पदराची गाठ सोडली; बोंबलाच्या मजुरीतून साठवलेले पैसे तीत होते. त्यांनी नाणी मांडीवर घेऊन सावकाश मोजली, पुन्हा एकदा मोजली, आणि लेकीला हाक मारली, "चाल वं, सोनारकडे." पैसे पुरे होते.